कमेंटचा आहेर

आमच्या रविवारच्या बैठकीला नाव नव्हतं. नाव ठेवायचं ठरलं तेव्हा दोन रविवार त्यावरच भांडणं झाली अन् तिसऱ्या रविवारी सगळे विसरून गेले. यवतमाळात एक शिकवणीचा क्लास होता, तो रविवारी बंद असायचा अन् त्याची किल्ली आमच्यातल्या एकीच्या मामाकडे होती. मोबाईलवर काहीबाही टाकून ज्याला आपला कामधंदा वाढवायचा आहे त्यानं यावं, एवढाच नियम. फी नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. तर्री-पोहे मात्र ज्याचे त्यानं खायचे.

मी ब्लाऊज शिवते. त्याआधी बरीच वर्षं मी बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानात जिन्याखाली बसून पुरुषांच्या पँटा आखूड केल्या. वरून गिऱ्हाईक धपाधप उतरलं की माझ्या डोक्यावर धूळ. मालक तसा वाईट नव्हता, पण मी पाणी प्यायला उठले की घड्याळाकडे पाहायचा. एक दिवस माझं टाळकं सरकलं. "घ्या तुमच्या पँटा, अन् करा तुम्हीच आखूड," असं म्हणून मी चप्पल घातली. घर येईपर्यंत मी मोठ्या तोऱ्यात चालले होते. दारात आल्यावर आठवलं की हे नवऱ्यालाही सांगायचं आहे.

माझा नवरा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो अन् घरात मोजकंच बोलतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, जेवायला बसला. दुसऱ्या पोळीला म्हणाला, "पुढची खोली हाय तं. लग्नसराई संपेपर्यंत चालवून पाह्य. गिऱ्हाईक आलं तं ठीक. नाही तं खोली भाड्यानं देऊ अन् तू जाय वापस दुकानात. मी बोलतो मालकाशी."

ते शेवटचं वाक्य मला असं झोंबलं म्हणून सांगू! मी बोलतो मालकाशी! म्हणजे मी रुसून आलेली सून, अन् हा मला परत नेऊन घालणार. मी मनात म्हटलं, थांब. जिन्याखाली आता माझी चप्पलसुद्धा जाणार नाही.

तर असं होतं. पुढची खोली, एक मशीन, अन् लग्नसराईपर्यंतची मुदत. मोबाईलवर पेज मीच उघडलं, पण त्यावर येणारे दोघेच होते. एक माझी बहीण, दुसरा कोणीतरी माणूस जो रोज गुलाबाचं फूल पाठवायचा. म्हणून मी त्या रविवारच्या बैठकीला गेले.

तिथं आम्ही सात-आठ जण असायचो, पण कामाचे तिघंच सांगते. एक बाभुळगावची पोरगी. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम ती घरी बसून लॅपटॉपवर करायची, अन् मामाची किल्ली तिच्याकडेच होती, म्हणून तिचं ऐकावं लागायचं. दुसरे एक रिटायर्ड सर. ते फळ्यासमोर उभं राहून सातबारा कसा वाचायचा, याचे व्हिडिओ करायचे. तिसरा पांढरकवड्याचा ट्रकवाला भाऊ. कापसाच्या गाडीवर ताडपत्री कशी आवळायची, दोराला गाठ कशी मारायची, हे तो इतकं मन लावून दाखवायचा की मला वाटायचं, आपणही एखादा ट्रक घ्यावा.

आमच्याकडे एक पद्धत पडली होती. पोरगी तिला इंग्रजीत काहीतरी म्हणायची, आम्ही आहेर म्हणायचो. लग्नात कसं, त्यांनी आपल्याला लुगडं नेसवलं तर आपणही त्यांना नेसवायचं, तसंच. एकानं व्हिडिओ टाकला की तासाभरात बाकीच्यांनी खाली कमेंट करायची. नुसता अंगठा चालत नसे, चार शब्द लिहावे लागत. अन् ज्यानं आपल्याला लिहिलं त्याला आपण लिहायचंच. सर याबाबतीत फार कडक होते. कोणाचा आहेर राहिला ते त्यांना तोंडपाठ असायचं अन् पोहे खाताना सगळ्यांदेखत काढायचे.

आता आहेराचं लुगडं जसं असतं, तशाच आमच्या कमेंटी. मी सरांचा एकही व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही, पण दरवेळी इमानदारीनं लिहायची, "सर, खूप उपयुक्त! पुढचा भाग कधी?" बाकीचेही तेच लिहायचे. त्याचा परिणाम काय, तर सरांनी सातबाऱ्याचे अकरा भाग केले. अकराव्या भागात सांगायलाच काही उरलं नव्हतं, तर त्यांनी पहिल्या दहा भागांची उजळणी घेतली. ट्रकवाल्या भावाला मी लिहिलं होतं, "भाऊ, ती गाठ परत दाखवा." त्यानं बिचाऱ्यानं हायवेवर गाडी बाजूला लावून, सगळी ताडपत्री सोडून, पुन्हा बांधून दाखवली. मला दोन दिवस पाप लागल्यासारखं वाटलं.

मार्च उजाडला अन् माझ्याकडे अख्ख्या महिन्यात चार ब्लाऊज आले. त्यातला एक बहिणीचा. मी बैठकीत रडकुंडीला येऊन ते सांगितलं. पोरगीनं माझं पेज उघडलं, वर-खाली केलं अन् म्हणाली, "काकू, तुमच्या पेजवर ना, कोणी आल्यासारखं वाटतच नाही. रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला जातं का? तुम्ही बिझी दिसल्या पाहिजे."

"दिसू कशी? बिझी असती तं इथं कायले आली असती?"

"ते आमच्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी मी मोरपंखी ब्लाऊजचा फोटो टाकला, अन् बाप्पा! खाली धो धो कमेंटी. "ताई, माझा नंबर कधी लागेल?" "ताई, मागच्या वेळचा फारच छान झाला, आणखी सहा शिवायचे आहेत." सरांनी तर कहर केला. त्यांनी लिहिलं, "अप्रतिम! हात आहे की जादू! आमच्याकडील मंडळी आपल्या शिलाईवर बेहद्द खूश आहेत." त्यांच्याकडच्या मंडळींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी तोवर पाहिलंही नव्हतं. अन् ट्रकवाल्या भावानं लिहिलं, "ताई, अर्जंट पाहिजे, डबल भाव देतो." हा गडी कायम चौकड्याच्या शर्टात. त्याला अर्जंट ब्लाऊज काहून पाहिजे होता, हे कोणीच विचारलं नाही.

माझं काम उत्तर द्यायचं. पोरगीनं उत्तरही ठरवून दिलं होतं. "क्षमस्व, दोन महिने जागा नाही. कृपया जूनमध्ये संपर्क करावा."

खोटं कशाला बोलू, मला त्यात भलती मजा यायला लागली. आयुष्यभर मी सगळ्यांना हो म्हणत आले. उद्या पाहिजे? हो. लांबी अर्धा इंच कमी? हो. फुकटात हुक लावून देशील? हो वं माय. आता मी दुपारी पाय पसरून बसायची, चहा ठेवायची अन् एकेकाला क्षमस्व करायची. खोलीत मशीन गप, मी एकटी, अन् मोबाईलवर मात्र नुसती झुंबड. नवरा येता-जाता डोकावायचा. एकदा म्हणाला, "कोनी आलं नाही वाटते आज?" मी त्याच्यापुढे मोबाईल धरला. त्यानं सगळ्या कमेंटी वाचल्या, मग खोलीतल्या रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं अन् मोटारीचा पंखा उचलून निघून गेला.

एप्रिलातही तेच. कमेंटी वाढल्या, गिऱ्हाईक तेवढंच. बैठकीत पोरगी म्हणाली की आहेर कमी पडतो आहे. मग सगळ्यांनी आणखी जोर लावला. मी "दोन महिने" चं "तीन महिने" केलं.

आमच्या घरापासून तिसऱ्या दारी एका मुलीचं लग्न होतं. मी तिला फ्रॉकात पाहिलेली. लग्नाचे ब्लाऊज माझ्याकडेच येतील, हे मी धरूनच चालले होते. हळद आली तरी कोणी आलं नाही. मीही अकडूनच हळदीला गेले. नवरीच्या अंगावर पिवळा ब्लाऊज, अन् त्याची बाही अशी शिवलेली की पोरीला हात वर करता येईना. हळद लावायला बाया सांगत, "हात वर कर," अन् पोरगी कोपरापर्यंतच करायची. माझे हात नुसते शिवशिवत होते. वाटलं, आत्ताच कात्री आणून उसवावा.

मुलीची आई पाणी द्यायला आली. मी धरलंच तिला. "काहून वं, मले सांगतलं नाही? तिसऱ्या दारात मी बसून हावो."

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुले सांगू कशी? तुले फुरसत हाय का? म्या तुह्यं सगळं वाचलं मोबाईलवर. लोकं डबल भाव देऊन राह्यले अन् तू त्यायले जून सांगून राह्यली. तेरा ब्लाऊज होते माय. म्हटलं, गरिबाचं तोंड घेऊन कायले जावं, नाही म्हटलं तं अपमान." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "मोठी झाली तू, चांगलं झालं. पण शेजारपाजाऱ्यालेई मोबाईलवरूनच नाही म्हणते, हे काही बरं नाही वाटलं."

तेरा ब्लाऊज! मी हळदीतून उठून आले ती थेट पुढच्या खोलीत, अन् दार लावून रडले. माझं काम गेलं त्याचं होतंच, पण जास्त लागलं ते दुसरं. ती मला गर्विष्ठ समजत होती. मी, जी दिवसभर सतरंजीवर बसून दार वाजायची वाट पाहत होते! अन् आमच्या गल्लीतल्या किती जणी दाराच्या अलीकडूनच परत गेल्या असतील, कोण जाणे. रडून झाल्यावर मला राग आला. रविवार यायला दोन दिवस होते, ते मी दात-ओठ खाऊन काढले.

रविवारी पोहे यायच्या आत मी तोंड सोडलं. "तुमच्या आहेरानं माह्या घरावर पानी फिरवलं! माह्या दारात माणूस यायचा बंद झाला. आता ऐका. ज्यानं ज्यानं लिहिलं की ब्लाऊज शिवायचा हाय, त्यानं ब्लाऊज शिवायचाच. कापड घेऊन या, माप घेऊन या. पुरे खोटे आहेर."

पोरगी लॅपटॉपमागे गेली. ट्रकवाला भाऊ म्हणाला, "ताई, पण मी..." मी म्हटलं, "तुमचं अर्जंट होतं ना भाऊ? डबल भाव?" तो आपल्या चौकड्याच्या शर्टाकडे पाहू लागला.

सरांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला. घाम पुसत म्हणाले, "ते ठीक आहे हो ताई, पण आमच्या मिसेसला आपलं पेज... म्हणजे मी काय लिहिलं ते... तिला माहीत नाही."

"मंग आता होईल," मी म्हटलं.

माझ्या मनात तेव्हा थोडा खट्याळपणा आला, हे कबूल करते. सरांचा भरवसा नव्हता, म्हणून मी घरी येऊन त्यांची ती जादूवाली कमेंट, त्यांच्याच घरच्या नंबरावर, नमस्कार घालून पाठवून दिली.

मंगळवारी सकाळी माझ्या दारात रिक्षा थांबली. सरांची बायको उतरली. हातात पिशवी नाही, मोबाईल. आल्या आल्या विचारलं, "जादूवाली बाई तूच का?"

"मीच."

"हे माह्या नवऱ्यानं लिहिलं? बेहद्द खूश?" तिनं चष्मा लावून पुन्हा वाचलं. "इतकी वर्षं झाली वं बाई लग्नाले. माह्या भाजीले ह्या माणसानं कधी 'बरी' म्हटलं नाही. मीठ जास्त झालं तं वाटी सरकवते फक्त. अन् तुह्या ब्लाऊजले अप्रतिम?"

मी तिला बसवलं, पाणी दिलं अन् आहेराची सगळी भानगड सांगितली. सातबाऱ्याच्या अकरा भागांचं सांगितलं, "पुढचा भाग कधी" चं सांगितलं. ती ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हणजे ते पाहत नाही कोनीच? अन् हे घरात आम्हाले सांगून राह्यले की लोकं वाट पाह्यते!" मग हसणं थांबवून उभी राहिली. "घेय माप. पाहू तं खरं तुही जादू."

ट्रकवाल्या भावाची बायको त्याच दुपारी आली. तो तिला केबिनमध्ये बसवून पांढरकवड्याहून घेऊन आला होता अन् सोबत तिची नणंदही होती. तिनंही आधी भांडूनच घेतलं. डबल भावाचं तिला फार लागलं होतं, कारण तिला तो कधी सिंगल भावानंही शिवून देत नव्हता. गल्लीत ट्रक आडवा, मागे गाड्यांचे हॉर्न, अन् आत मी दोघींची मापं घेत होते. आवाज ऐकून शेजारच्या दोघी काय झालं ते पाहायला आल्या. तिसऱ्या दारची ती मुलीची आईही आली. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की ते सारं खोटं होतं, मी रिकामीच बसले होते. तिनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "पोरीचा शालू-ब्लाऊज तं उसवून दे आता. लग्न तं निभलं, पण उद्या सत्यनारायण हाय, हात वर करता आला पायजे तिले."

तो मी त्याच रात्री उसवून नीट करून दिला.

आठ दिवसांनी सरांच्या बायकोनं ब्लाऊज घालून पाहिला अन् माझ्या पेजवर, सगळ्या जगासमोर, लिहिलं, "काखेत घट्ट झाला. बाकी बरा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पहिली खरी कमेंट, अन् ही अशी? लगेच बाभुळगावच्या पोरगीचा फोन. "काकू, ताबडतोब डिलीट करा! एक अशी कमेंट पेज बसवते." मी डिलीट करायला बोट नेलंही होतं. पण मग मला आठवलं की सरांची बायको दुसऱ्या दिवशी कापड घेऊन आली अन् मी मुंढा, म्हणजे काखेची गोलाई, कापताना नवऱ्याची अशी नक्कल करत होती की मी हसून हसून बेजार, अन् पाव इंच खरंच कमी सुटला होता. घट्ट झालाच असणार. मी खाली लिहिलं, "हो, माझ्याकडूनच चुकलं. उद्या या, मोकळा करून देते." अन् त्यानंतर बसून आमच्या मंडळींच्या सगळ्या जादू, सगळे अर्जंट, अन् माझे सगळे क्षमस्व एकेक करून पुसले. पेजवर ते "काखेत घट्ट" तेवढं राहिलं.

तीन दिवसांनी वडगाव भागातली एक बाई आली. अगदी अनोळखी. मी विचारलं, कोणी पाठवलं? म्हणाली, "कोनी नाही. ते काखेत घट्ट वाचलं. म्हटलं, चुकलं तं चुकलं म्हणते, अन् दुरुस्तही करून देते. माह्या टेलरनं आजवर कबूल नाही केलं." तिच्यामागून तिची जाऊ आली. मग जावेची मैत्रीण. सरांची बायको तर मोकळा झालेला ब्लाऊज नेऊनही येतच राहिली. घरात सर बाराव्या भागाची तयारी करत होते, म्हणून तिला बाहेर बरं वाटायचं.

पण तोवर मे संपत आला होता. घरात कोणी मुदतीचा विषय काढत नव्हतं. मीही नाही. एका सकाळी नवरा निघताना म्हणाला, "बँकेतला एक माणूस येते आज खोली पाह्यले. म्या मागंच सांगून ठेवलतं त्याले." बस, एवढंच. भांडायलाही तोंड नव्हतं. महिना दीड महिना त्यानं ती रिकामी सतरंजी डोळ्यांनी पाहिली होती.

तो माणूस आला तेव्हा खोलीत सहा-सात बाया होत्या. एक पडद्याआड घालून पाहत होती, दोघी साडीच्या काठावरून भांडत होत्या, सरांची बायको काज करत होती, कोणी सांगितलं नसताना. नवऱ्यानं दार ढकललं अन् त्याच्यामागून त्या बँकवाल्यानं मान आत घातली.

"बाहेर व्हा!" सरांची बायको अशी कडाडली की मीच दचकले. "दिसत नाही का? बाया हायेत ना आत! कोन हाय तुम्ही?"

माझा नवरा, स्वतःच्या घराच्या दारात, "सॉरी, सॉरी" म्हणत मागे सरला अन् त्यानं दार ओढून घेतलं. आतल्या सगळ्या हसायला लागल्या. मी नाही हसले. मी टेप हातात धरून दाराजवळ उभी राहिले, कान लावून.

बाहेर तो बँकवाला विचारत होता, "मग खोली?"

नवऱ्यानं पायात चपला सरकवल्याचा आवाज आला.

"खोली गेली बा," नवरा म्हणाला.

"कोणाला दिली?"

"हाय एक बाई. भाडं देत नाही, अन् आता निघतही नाही."